गाडी हातात असेपर्यंत

तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे. नाव मी कधी विचारलं नाही. सगळेच त्याला 'अण्णा' म्हणतात. ज्यांचे पैसे आले नाहीत त्या गाड्या तो दारातल्या नारळाच्या झाडाला साखळीनं बांधतो आणि रोज सकाळी स्वतःच्या असल्यासारख्या पुसतो. चालवत मात्र नाही. कुणी छेडलं तर म्हणतो, "धरून ठेवायचा हक्क आहे, सार. फिरवायचा नाही."

परवा आम्ही दोघं आमची स्कूटर आणायला गेलो. बिल ऐकून बायकोच्या भुवया चढल्या. या तमिळ गावात आम्हा मराठी घरांची एक मोठी सोय आहे: चारचौघांत खुशाल गुपित बोलता येतं. त्याच्यासमोरच ती मला मराठीत म्हणाली, "पाकीट घरी राहिलं म्हणून सांगा. एकदा गाडी हातात आली की पैशांचं बघू सावकाश."

मी गोड हसून तमिळमध्ये पाकिटाची कथा सांगितली. तो आरसा पुसत राहिला. मग त्यानं फडकं झटकून खांद्यावर टाकलं, आमची किल्ली स्वतःच्या खिशात घातली आणि चक्क आमच्याच मराठीत म्हणाला, "अक्का, एकदा गाडी हातातून गेली की माझा हक्कही गेला. मग मी काय बघू सावकाश?"

घरी राहिलेलं पाकीट मी निमूटपणे खिशातून काढलं. बायकोला मात्र राहवेना. "मराठी कुठं शिकलात हो?"

"इथंच, अक्का," किल्ली पुढं करत तो म्हणाला. "बिल सांगितलं की तुमची अख्खी गल्ली मराठीतच बोलते."