शेवंतीच्या तोंडाचं मुसकं

शेवंती पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. दगडूमामांनी लगाम ओढला तशी ती कण्हली.

"ओढू नका मामा. दुखतंय तिला," मी म्हटलं आणि जनावरांच्या औषधांची पेटी उघडली.

युसूफ वडगाव या गावचे दगडूमामा वरातीला घोडी देतात. घोडी एकच, शिंगरू असल्यापासून घरात वाढलेली. हलगी वाजली की शेवंती नाचायची. त्या संध्याकाळी धारूरला एका पुढाऱ्याच्या मुलाची वरात होती, आणि ही जागची हलत नव्हती.

मी खुरावर हात ठेवला. चांगलाच गरम. खुराच्या वर बोट दाबलं तर नाडी थडथड उडत होती. लॅमिनायटिस. खुराच्या आत हाड असतं, बाहेर टणक कवच. दोघांना धरून ठेवणारा पापुद्रा सुजतो. कवच ताणत नाही, सुजेला जागा मिळत नाही. ही पकडच सुटली तर हाड खाली सरकतं आणि जनावर बसतं ते कायमचं.

"खायला काय घालता?"

"कडबा अन् वाळलं गवत. आईची आण म्याडम, दाना न्हाईच."

जनावरांचे मालक आईची आण घेऊन काय काय सांगतात, ते मला पाठ आहे. मी काडीने लीद उकलली. आंबूस वास आणि आत अर्धवट पचलेली हरभऱ्याची डाळ.

"मग ही काय उडत आली?"

दारात उभ्या मामी, दगडूमामांच्या बायको, हसल्या. "ती व्हय? ती मानाची. वरातीतली."

तेव्हा कुठे उलगडा झाला. वरात निघताना नवरदेवाची आत्या घोडीला भिजवलेली डाळ आणि गूळ भरवते. मग मावशी, मग करवल्या. वाटेत ज्याच्या दारात वरात थांबेल तिथली थाळी वेगळी. लग्नसराईत रोज हेच. घोड्याच्या पोटाला एवढा दाणा, एवढा गूळ झेपत नाही. सगळं आत आंबतं आणि त्याचं विष रक्तातून खुरापर्यंत उतरतं.

"नको म्हणायचं ना!"

"कसं म्हनायचं? घोडीनं थाळीला तोंड लावलं न्हाई की मान्सं रुसत्यात. लई वंगाळ मानत्यात."

त्यात मामांनी लाडाने तिला सिमेंटचा गोठा बांधून दिला होता. जमीन टणक, त्यावर मुताची ओल. खुराचा तळवा मऊ पडून कुजायला लागलेला. माणसाला शोभेल असं घर आणि माणसाला साजेल असं जेवण. घोडीला कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात पुढाऱ्यांचा फोन आला. मामांनी तो माझ्याच हातात दिला.

"म्याडम, एक इंजेक्शन मारा अन् द्या पाठवून. तासाभराचं तर काम हाय."

"दुखणं दबेल साहेब, आजार नाही. ती नाचेल आणि पुन्हा कधी उभी राहणार नाही."

"अवो, पोराचं लग्न हाय माज्या!"

मामांनी फोन परत घेतला. "साहेब, शेवंती येनार न्हाई. तुमी जीप काढा."

मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. पुढाऱ्याला नाही म्हणणं आमच्याकडे सोपं नाही.

मग मी इंजेक्शन दिलंच, पण नाचण्यासाठी नाही. पुढचे पाय गार पाण्यात ठेवले. सिमेंटवर नदीची वाळू जाड अंथरायला लावली, म्हणजे तळव्याला आधार मिळतो आणि ओलही खाली जाते. दाणा आणि गूळ पूर्ण बंद. नालबंदाने खूर थोडे थोडे करून आकारात आणले. लग्नसराईची कमाई गेली. पण शेवंती चालायला लागली.

पुढच्या वर्षी एका वरातीत ती मला दिसली. औताच्या बैलाने पीक खाऊ नये म्हणून तोंडाला जाळी बांधतात, तसं मुसकं तिच्या तोंडाला होतं. त्याला लाल गोंडे, आरसे. बायकांना वाटलं हा दागिनाच. त्यांनी हळदीकुंकू लावलं, डाळगुळाची थाळी मामांच्या हातात दिली आणि खुशीत पुढे गेल्या. कुणीच रुसलं नाही.

"आणि एवढ्या डाळगुळाचं काय करता?"

"टाकायचा कसा म्याडम? मानाचा हाय. मीच खातो." मामांनी वाकून पोटरी चोळली. "पर आताशा पायाला लई मुंग्या येत्यात बगा. डाक्टर म्हनतो, साखर वाढली."

मी जनावरांची डॉक्टर, माणसांना औषध देत नाही. एवढंच सांगितलं, की अजून एक मुसकं शिवून घ्या.