डोकी मोजल्याशिवाय गाडी सुटत नाही

कंडक्टरकाकांनी चौतीस वर्षं लांब पल्ल्याच्या गाड्यांवर काढली, आणि त्या काळात जग पाहिलं ते उभ्यानं, प्रवाशांच्या डोक्यांवरून. समुद्राकाठच्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले असतील, पण समुद्र डावीकडे लागतो की उजवीकडे, असं विचारलं तर म्हणायचे, "ड्रायव्हरला विचारा." प्रवासानं माणूस शहाणा होतो असं कुणी म्हटलं की त्यांना हसू आवरत नसे. "अहो, माणूस निघतानाच अक्कल घरी कुलपात ठेवतो," ते सांगायचे. "एक पठ्ठ्या तर किल्ली कुलपालाच लटकवून आला होता. अर्ध्या वाटेत म्हणतो, गाडी वळवा!"

नोकरीत त्यांच्या हातून एकच चूक झाली, पण ती जन्माला पुरली. एका थांब्यावर सगळे चढले असं समजून त्यांनी घंटीची दोरी दोनदा ओढली, म्हणजे चला. तासाभरानं एका सीटखाली चपलांचा जोड दिसला. चपलांचे मालक, ऐंशीचे आजोबा, अनवाणीच उतरले होते आणि मागे राहिले होते. गाडी उलटी नेली तर आजोबा बाकावर शांत बसलेले. "मला वाटलं, तुम्हीच हरवलात," म्हणाले. त्या दिवसापासून काका डोकी मोजल्याशिवाय दोरीला हात लावेनात. निवृत्त झाले तरी खोड जाईना. लेकीच्या लग्नातला फोटोसुद्धा त्यांनी "मुलाकडचे दोन कमी आहेत" म्हणून अर्धा तास अडवून धरला होता.

मग महामारी आली आणि इमारतीच्या फाटकाला कुलूप लागलं. बारा घरं, एकेचाळीस माणसं. वाळत घातलेल्या कपड्यांचं पाणी कुणाच्या खिडकीवर ठिबकतं, यावरून वर्षानुवर्षं एकमेकांची उणीदुणी काढणारी ही मंडळी आता जेलच्या कैद्यांसारखी गजांतून एकमेकांकडे बघायला लागली. काकू आठवड्यातच वैतागल्या. "तुम्ही चौतीस वर्षं घरात नव्हतात म्हणून संसार टिकला," त्या म्हणाल्या. "जा, खाली अंगणात तरी उभे राहा."

काका उभे राहिले. रोज संध्याकाळी सहाला, तोंडाला फडकं बांधून, मान वर करून, खिडक्याखिडक्यांतली डोकी मोजायचे. स्वतःचं धरून एकेचाळीस भरली की फाटकावर किल्लीनं दोन टोले. आधी लोकांनी नाकं मुरडली. तळमजल्यावरच्या बँकवाल्या बाई म्हणाल्या, "आम्ही काय मेंढरं आहोत?" पण पंधरा दिवसांत त्याच बाई सहाला पाच कमी असताना केस विंचरून खिडकीत हजर राहू लागल्या. दिवसभरात कुणीतरी आपल्याला मोजतंय, एवढंही त्या दिवसांत पुष्कळ होतं.

दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी हा काकांचा पत्त्यांतला जोडीदार आणि जन्माचा वैरी. एकत्र बसता येईना, म्हणून दोघं फोनवर रमी खेळू लागले. ज्यानं त्यानं आपापला जोड पिसायचा, आपापली पानं घ्यायची, बाकी सगळं विश्वासावर! व्हायचं तेच झालं. एका डावात दोघांचे मिळून बदामचे तीन एक्के निघाले. काका म्हणाले, "तू चोर." शिंपी म्हणाला, "तू दरोडेखोर." अबोला झाला.

दुसऱ्या दिवशी मोजणीला शिंप्याच्या खिडकीतून नुसता हात बाहेर आला. काका खालून ओरडले, "हात मोजत नाही! डोकं दाखव!" डोकं काही आलं नाही. "एक गैरहजर!" काकांनी जाहीर केलं आणि टोले न मारताच घरी गेले. इमारत खदखदून हसली. तीन दिवस हाच तमाशा चालला.

चौथ्या दिवशी हातही आला नाही. शिंप्याला चार दिवस ताप होता. खोकणारं तोंड कुणाला दिसू नये म्हणून तो पडद्याआड उभा राहून हात काढत होता. दुपारी रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली, तेव्हा काका घोरत पडले होते. शिंपी परत आला नाही.

काकांनी त्यानंतर मोजणी बंद केली. चपलावाल्या आजोबांसाठी निदान गाडी मागे नेता आली होती. इथं माणूस तीन दिवस हात काढून सांगत होता, मी आहे, मी आहे. आणि आपण तो मोजला नाही. हे त्यांनी काकूंनाही सांगितलं नाही. काकूंना ते न सांगताच कळलं होतं.

दोन वर्षांनी इमारतीनं सहल काढली, समुद्राकाठीच. बस ठरली, आणि कंडक्टर कोण, हा प्रश्नच नव्हता. काका नको नको म्हणत होते. काकूंनी दंडाला धरून बसमध्ये चढवलं. काकांनी डोकी मोजली. चाळीस. पुन्हा मोजली.

"एकेचाळीस आहेत," बँकवाल्या बाईंनी मांडीवरचा नातू उचलून दाखवला.

"पाच वर्षांखालचं मोजत नाहीत," काका तुटकपणे म्हणाले. दाराशी खांबासारखे उभे राहिले. दोन टोले मारायला हात उठेना. ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं.

पुढच्या सीटवर शिंप्याची बायको बसली होती. शेजारच्या खिडकीच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली होती.

"भावजी, ते आधीच्या गाडीनं गेलेत," ती म्हणाली. "मारा टोले."

"वहिनी, मी त्याचा हात मोजला नाही."

"मोजला नाहीत कसा? रोज ओरडत होतात की त्याच्यावर. तापात होते, तरी पावणेसहापासून मला विचारत होते, आला का तो दरोडेखोर?"

काकांना हसू फुटलं, त्यातच रडूही. त्यांनी दाराच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. बस हलली. वहिनींनी पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीकडे बोट केलं. काका आयुष्यात पहिल्यांदा चालत्या गाडीत बसले.

दीड तासानं ते मोठ्यानं म्हणाले, "डावीकडे आहे की रे समुद्र!"