सांडव्याच्या अलीकडं

या कार्तिकात तलावाची फेरी करायचीच, असं अव्वांनी जाहीर केलं तेव्हा घरात सगळ्यांत जास्त मी घाबरले. आणि "चला की अव्वा, मी येते सोबत" असं सगळ्यांत आधी म्हणालेही मीच. माझं असंच आहे. पोटात भीती असते आणि तोंडातून होकार निघून जातो.

अव्वा म्हणजे आमच्या घरमालकीण. धाराशिवात त्यांच्या मुलाचं तेल-पेंडीचं दुकान आहे, दुकानामागं घर, आणि घरावरच्या एका खोलीत आम्ही भाड्यानं राहतो. आम्ही म्हणजे बहुतेक वेळा मी एकटीच. नवरा ढोकीच्या साखर कारखान्यावर वेल्डर आहे; गाळप सुरू झालं की त्याचा मुक्काम तिकडंच. माझं माहेर चंद्रपूरकडं, व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेलं एक खेडं. तिथून इथं यायचं म्हणजे आधी एसटी, मग रेल्वे, मग पुन्हा एसटी, आणि उतरल्यावर ताटात भाताऐवजी भाकरी.

भाकरी मला येत नव्हती. अव्वांनी मला परातीपुढं बसवलं. "थाप बाई, थाप. मारू नको तिला, तिनं तुझं काय वाकडं केलंय?" माझ्या फाटक्या भाकऱ्या त्या स्वतः खायच्या आणि त्यांच्या हातची मला वाढायच्या. इथं आल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी तापानं पडले, तर गुडघे दुखत असताना जिना चढून कण्यांची वाटी घेऊन वर यायच्या. एकेका पायरीवर "शिवा, शिवा" ऐकू यायचं. मी अंथरुणात पडून ते ऐकायची आणि मला रडू यायचं. परक्या गावात आपल्यासाठी कोणी एवढ्या पायऱ्या चढतं, हे मला ताप उतरल्यावरसुद्धा खरं वाटत नव्हतं.

म्हणून त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांना चालवायचं काम मी मागून घेतलं. रोज सकाळी अंगणात काठी हातात देऊन मी म्हणायची, "टेका. उचला. ठेवा." काठी टेका, पाऊल उचला, हळू ठेवा. त्या चिडायच्या. "म्या काय बैल हाय का गं, हाकतीस मला?" पण चालायच्या.

त्या ऑपरेशनपायी गेल्या कार्तिकातली फेरी चुकली होती. धाराशिवहून गाडीनं थोडं गेलं की अभयारण्य लागतं. तिथं टेकडीवर एक छोटा महादेव आहे, टेकडीच्या पायथ्याला तलाव, आणि टेकडी-तलाव दोन्हींना वळसा घालून रानातून जाणारी गोल पायवाट. लग्न होऊन आल्यापासून कार्तिकातल्या एका सोमवारी अव्वा ती वाट चालत आलेल्या. मालक होते तोवर मालकांबरोबर, नंतर शेजारणींबरोबर. एवढ्या वर्षांत चुकली ती गेल्याच साली.

"एक साल चुकलं तर देव समजून घेतो," त्या म्हणाल्या. "दोन सालं चुकलं की पायच वाट इसरत्यात. मग ती कायमची तुटली."

त्यांच्या मुलाला, ज्यांना मी दादा म्हणते, हे पटत नव्हतं. "आई, रानात वाघ फिरतोय. पेपरात रोज येतंय."

"फिरू दे की. म्या त्याच्या वाटंला जात न्हाय."

"ह्या ताईंच्या मुलखातून चालत आलाय म्हणं तो. विदर्भातनं."

"मग वळखीचाच हाय," अव्वा माझ्याकडं बघून म्हणाल्या. "पोरी, माहेरचा माणूस आलाय तुझा. साडीचोळी आणली असंल."

सगळे हसले. मीही हसले. पण त्या रात्री मी खोलीची कडी दोनदा तपासली.

मी शाळा आठवीत सोडली. का सोडली असं इथं कोणी विचारलं तर मी "परिस्थिती" म्हणते, म्हणजे पुढचं कोणी विचारत नाही. खरं असं की आमच्या गावातली शाळा सातवीपर्यंतच होती, आणि आठवीची पुढच्या गावात, जंगलातल्या रस्त्यानं. दिवाळीनंतर त्या रस्त्यावर सरपण आणायला गेलेल्या आमच्या शेजारच्या काकूला वाघानं नेलं. त्या दिवशी बाबांनी माझं दप्तर खुंटीला टांगलं. म्हणाले, "जित्ती राह्य. तेवढं शिक्षण पुरे." तेव्हापासून जंगलात मी पाय ठेवला नव्हता. गावाकडं नाही, इथंही नाही.

हे अव्वांना सांगावं असं दोनदा वाटलं. पण सांगितलं असतं तर त्या थांबल्या असत्या, आणि फेरी माझ्यामुळं तुटली असती. ज्यांच्या गुडघ्यांनी माझ्यासाठी जिना चढला होता, त्यांची.

सोमवारी दादांनी आम्हाला फाटकावर सोडलं. दुकान उघडायचं होतं. दुपारी न्यायला येतो म्हणाले. माझ्या पिशवीत गोळ्या होत्या, गुडघ्याची पट्टी, बॅटरी, शिट्टी, पाण्याच्या बाटल्या, धपाटे, शेंगांची चटणी. अव्वांच्या हातात फक्त काठी आणि एक बेलाचं पान.

फाटकावरचा वनरक्षक म्हणाला, "वाघ ह्या अंगाला नाही आता, तिकडं बार्शीच्या बाजूला गेलाय. तरी दोघी संगट राहा, आणि उन्हं कलायच्या आत बाहेर या. फोन नाही लागत आत."

"नाही लागत?" मी विचारलं.

"मोराला लागतो," अव्वा म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

वाट सुंदर होती, हे मला आता कळतं. गवत पिवळं पडून कमरेएवढं झालं होतं. सीताफळं संपत आली होती, झाडाखाली फुटून पडलेल्या फळांवर मुंग्या लागलेल्या. पळस, खैर, मधूनच बोरी. तलाव काठोकाठ भरलेला, आणि त्यात उलटी टेकडी. पण तेव्हा मी दर चार पावलांनी मागं बघत होते.

"किती मागं बघतीस? नवरा येतोय का मागनं?"

"नाही अव्वा. असंच."

एका सपाट दगडाजवळ त्या थांबल्या. "हितं मालक बसायचे."

"दम लागायचा?"

"दम कशाचा! बिडी वढायची असायची. महादेवाला दिसू नये म्हणून झाडाआड तोंड करून बसायचे. म्या म्हणायची, अवं, त्याला तीन डोळं हायत."

त्या दगडावर बसून आम्ही धपाटे खाल्ले. मी विचारलं, "गुडघा बरा आहे ना?" त्या म्हणाल्या, "गुडघा नवा हाय, म्हातारी जुनी हाय." मी पाणी दिलं, गोळी दिली. निम्म्याहून जास्त वाट झाली होती, आणि माझ्या छातीत पहिल्यांदा जरा जागा झाली. होईल, मला वाटलं. होऊन जाईल.

टेकडी मागं टाकून वाट खाली उतरली आणि पाण्याचा आवाज आला. तलाव भरला की जादाचं पाणी जिथून बाहेर पडतं तो सांडवा. बुटक्या भिंतीवरून पाणी पलीकडं ओढ्यात पडत होतं, आणि ओढ्यात पाय देऊन जायला दगड मांडलेले होते. पलीकडं झाडांतून फाटकाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. वनरक्षकाची मोटारसायकलसुद्धा दिसत होती. मला इतकं बरं वाटलं की मी तिथंच हात जोडले.

अव्वा काठावर बसल्या. बेलाचं पान पाण्यात सोडलं. ओंजळीनं पाणी डोळ्यांना लावलं. मग काठी टेकून उठल्या, आणि आलो त्याच बाजूला तोंड केलं.

"चल."

"अव्वा, इकडून! गेट तर ते दिसून राहिलं ना!"

"दिसतंय की. पर हे वलांडायचं नसतं." मला कळलं नाही हे पाहून त्या समजावून सांगायला लागल्या, लहान पोराला सांगावं तसं. "महादेवाच्या देवळात पिंडीवरचं पाणी बाहेर पडतं, ती पन्हळ आपण वलांडतो का? न्हाय. तिथवर जायचं, माघारी फिरायचं, आन मग दुसऱ्या अंगानं तिथवर यायचं. ही टेकडी त्याची, तळं त्याचं. मग हे पाणी कुणाचं?"

"पण मग आपल्याला सगळी वाट परत..."

"व्हय. तुला ठावं न्हवतं?"

मला ठाऊक नव्हतं. गोल वाट म्हणजे गोल, असं मी धरून चालले होते. आणि त्यांना वाटलं होतं की हे काय सांगायचं, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.

मी काय काय म्हणाले ते आता आठवून हसू येतं. डॉक्टर काय म्हणतील, दादा काय म्हणतील, ऊन कलेल. मी म्हटलं, देवाला गुडघ्याचं ऑपरेशन चालत असेल तर पाच-सहा दगडही चालतील. त्या शांतपणे ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे, माहेर सीमेवरचं असल्यानं महत्त्वाचं तेवढं त्या कानडीत बोलतात. "तू जा हिकडून. तुला न्हाय बंधन. म्या येते तिकडून."

पलीकडं छप्पर होतं, माणूस होता. मी त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि अव्वांच्या मागं निघाले.

परतीची वाट तीच, पण उजवीकडचं सगळं डावीकडं आलं होतं, आणि ती मला अनोळखी वाटत होती. अव्वांची काठी आता जोरात टेकत होती, म्हणजे गुडघा दुखायला लागला होता. मालकांच्या दगडापाशी त्या नुसत्या टेकल्या आणि उठल्या. तेवढ्यात वरच्या अंगाला वानर ओरडलं. खॅक. मग थांबून पुन्हा, खॅक.

आमच्याकडं हा आवाज ऐकला की बायका डोक्यावरच्या मोळ्या टाकतात. वानराला उंचावरून काहीतरी दिसलं की ते असं ओरडतं. मी उभी राहिले. पळायचं नसतं हे मला माहीत होतं, पण मला पळता काय, हलताही येत नव्हतं. अव्वा चार पावलं पुढं जाऊन वळल्या.

"काय झालं गं?"

"वानर... अव्वा, वानर..."

"वानर हाय, ओरडणारच. हितं काय नवीन हाय का?" मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. त्या परत आल्या. हातातली काठी त्यांनी माझ्या हातात दिली आणि माझा दुसरा हात स्वतःच्या हातात घेतला.

"टेक," त्या म्हणाल्या.

मी बघत राहिले.

"टेक म्हणते ना. आता उचल. ठेव. टेक. उचल. ठेव. बैल हायस का गं तू, हाकायला?"

मी चालले. काठी माझ्याकडं आणि नव्या गुडघ्यांची बाई माझा हात धरून, अशा आम्ही त्या झाडांखालून गेलो. वानर आणखी एकदा ओरडलं आणि गप्प झालं. काय होतं तिथं ते मला आजही माहीत नाही. कुत्रं असेल, रानडुक्कर असेल. झाडं विरळ झाली तेव्हा मी त्यांना शेजारच्या काकूचं आणि खुंटीवरच्या दप्तराचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आन तरी आलीस?"

"तुम्ही जिना चढायच्या ना."

त्यांनी काठी परत घेतली.

फाटकाशी दादा येऊन थांबले होते, वनरक्षकाशी बोलत. आम्हाला बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "ताई, सोमसूत्राचं, त्या पाण्यापासनं माघारी फिरायचं, सांगायचंच राहिलं तुम्हाला! आम्ही मघाच सांडव्यावर जाऊन बघून आलो. बेलाचं पान तेवढं भिंतीला अडकलेलं दिसलं, म्हणलं, फिरली माघारी."

अव्वा बाकावर बसल्या आणि लुगडं जरा वर केलं. गुडघा सुजला होता. दादांनी गाडीचं दार उघडलं. अव्वा उठेनात.

"दुसरं अंग राहिलंय," त्या म्हणाल्या. फाटकापासून सांडव्यापर्यंतचा तेवढा तुकडा. मघाशी पलीकडून छप्पर दिसत होतं, तेवढाच. त्या उठायला गेल्या आणि पुन्हा बसल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून पाण्याच्या दिशेनं बघत राहिल्या. एवढं चालून त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच दमल्यासारखं दिसलं.

"मी जातो, दे काठी," दादा म्हणाले.

"तू न्हाय. तू पुरी वाट चालला न्हाईस." त्या माझ्याकडं वळल्या, आणि मागितल्यासारखं नाही, विचारल्यासारखं म्हणाल्या, "जाशील?"

"संगट येऊ का?" वनरक्षकानं विचारलं.

मी नको म्हणाले. का म्हणाले ते सांगता येणार नाही. त्या तुकड्यातही दोन्ही बाजूंना झाडी आहे, वळण आहे, आणि वळणावर काही पावलं फाटक दिसत नाही. वळणावर मला खूप भीती वाटली. मी मोठ्यानं म्हणत राहिले, "टेक, उचल, ठेव," हातात काठी नसताना. मग पाणी दिसलं. पलीकडं अव्वा बसल्या होत्या तिथलं गवत अजून दबलेलं होतं. मी अलीकडं बसले, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. अव्वांचं नाव घेतलं. मग हळूहळू, मागं न बघता, परत आले.

"डोळ्यांला लावलंस?" अव्वांनी विचारलं.

"लावलं."

"गार हुतं?"

"लई गार."

"मग झाली माझी फेरी," त्या म्हणाल्या आणि दादांच्या खांद्याला धरून गाडीत बसल्या. "पुण्य अर्धं तुझं."

"आई, फेरीच अर्धी असती, त्यातलं अर्धं म्हणजे ताईंना पावच आलं की," दादा म्हणाले.

"गप बस, व्यापारी."

संध्याकाळी मी बाबांना फोन केला. धान झोडून झालं का विचारलं, तब्येत विचारली, आणि मग सांगितलं की आज जंगलात गेले होते.

"एकटी?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं एकटी."

"काऊन गं माय? कायले गेली?"

खाली अंगणात अव्वा सुनेकडून गुडघा शेकून घेत होत्या आणि शेक गरम नाही म्हणून तिच्यावर ओरडत होत्या.

"एकीची फेरी राहिली होती बाबा," मी म्हटलं. "ती पुरी करायले."