मुदत नको

पळसे गावच्या आशा गायधनीने सातपूरच्या कारखान्यात कायदा अधिकारी म्हणून नोकरी धरली, आणि पगारी माणसाला वकिली करता येत नाही म्हणून आपली सनद परत केली. पोरीने वकिली सोडून कारकुनी पत्करली, असा गावात बोभाटा झाला. तिने कोणालाही खुलासा दिला नाही. खुलासे देत बसणं तिच्या रक्तातच नव्हतं.

कारखान्याचे मालक कोंडाजीशेठ शेतकऱ्याच्या घरातले; एका लेथवर धंदा उभा केलेले. कंपनीच्या दशपुत्रे वकिलांवर त्यांचा आंधळा विश्वास. दशपुत्र्यांचा हिशेब सोपा होता, तारीख पडली की फी, मग काम होवो न होवो. साहजिकच तारखा पडत राहिल्या. सोमा नावाच्या वेल्डरला कामावरून काढल्याचा खटला नव्वद साली उभा राहिला, तो अठ्ठ्याण्णवपर्यंत नुसता बसून होता. दर वेळी दशपुत्र्यांचा ज्युनिअर उठायचा, 'मुदत मिळावी' म्हणायचा आणि चहाला सटकायचा. याला खटला चालवणं म्हणायचं तर झोपेला व्यायाम म्हणावं लागेल!

आशाने नियम काढला. साक्ष झाली, युक्तिवाद झाला, तर बिल मंजूर. मुदत मागितली तर त्या दिवसाची फी नाही. दशपुत्रे तडक मालकांच्या केबिनमध्ये शिरले. ते गेल्यावर शेठनी तिला बोलावलं.

"आशाबाई, ऐन संपात त्या मानसानं मला तारलंय. अन् तुम्ही त्यांच्या बिलाला नाय म्हणता?"

"कामाला हो म्हणते, शेठ. मुदतीला नाही."

"अन् केस हरली तर?"

"तर हरलो. निदान कळेल तरी."

"मंग खुर्ची सोडावी लागंल, सांगून ठेवतो."

नामंजूर बिल उचलून ती आपल्या टेबलाकडे गेली. हो मात्र म्हणाली नाही.

पुढच्या तारखेला ती कामगार न्यायालयात स्वतः जाऊन बसली. ज्युनिअरने सवयीने मुदत मागितली. आशा उभी राहिली. "साहेब, मुदत नको."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुदत कंपनीच मागतेय. तुम्ही कोण?"

"कंपनीच. हे अधिकारपत्र."

मागच्या बाकावर बसलेला सोमा चक्क हसला. ज्युनिअरला मात्र घाम फुटला. फाइल त्याने उघडलेलीच नव्हती.

मग खटला खरोखर चालला आणि कंपनी सपशेल हरली. चौकशी न करताच माणूस काढला होता. सोमाला कामावर परत घ्या, असा हुकूम झाला. शेठ लालबुंद. त्यांनी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "लिहा राजीनामा."

 ही नोकरी गेली तर आशाला दुसरी कोण देणार होतं? पण भीतीहून जास्त तिला राग आला होता.

"नाही लिहिणार. ही केस त्याला काढलं त्याच दिवशी आपण हरलो होतो, शेठ. एवढी वर्षं फक्त ते ऐकून घ्यायचं टाळत होतो. मला काढायचं तर तुम्ही काढा. पण आधी चौकशी करा. सोमाची केली नव्हती."

शेठनी कोरा कागद मागे ओढला आणि खणात टाकला.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या बसने आली, आपल्या खुर्चीत बसली आणि दशपुत्र्यांकडच्या बाकीच्या सगळ्या फायली तिने परत मागवल्या. तिला उठवायला कोणी आलं नाही.