दारावर न मावणारं आडनाव

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वंदनाला, माझ्या बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं किती कठीण आहे हे तिला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक. चार वर्षं झाली. रोज आठवतं असंही नाही. पण रस्त्याने एखादा पिकअप ट्रक गेला की आठवतं, आणि आम्ही राहतो तिथे दर दोन मिनिटांनी एक पिकअप जातो. आता काय ते तुम्हीच समजा.

का सांगतोय, हे विचारू नका. थकलोय, म्हणून असेल.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या मराठी मंडळात मला ‘गाडीवाले काका’ म्हणतात. माझ्याकडे भारी गाडी आहे म्हणून नव्हे. अकरा वर्षं एकच राखाडी सेडान चालवतोय. कुणालाही गाडी घ्यायची झाली की आधी मला फोन येतो, म्हणून. मग मी शीट बनवतो. नवी की जुनी, किती मैल चाललेली, कोणत्या वर्षीच्या मॉडेलला काय दुखणं, वॉरंटी कुठवर — सगळं रकान्यांत. चांगलं ते हिरवं, धोक्याचं ते लाल. तीस वर्षं मी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हा माझा पोटापाण्याचाच धंदा. आणि लोक त्या शीटवर डोळे मिटून विश्वास ठेवतात. ठेवावा असंच होतं ते. त्यात मी कधी एक अक्षर खोटं लिहिलं नाही.

एकदा सोडून.

माझा मुलगा अनिश. इथेच जन्मला, इथेच वाढला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून घरी आला आणि म्हणाला, मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. लोकांना मी सांगितलं, त्याने ब्रेक घेतलाय. तो ब्रेक पाच वर्षं चालला. तेवढ्या काळात तो एका वयस्कर इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकला, परीक्षा दिल्या, लायसन्स काढलं — आणि मी आपला ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणत राहिलो. त्या पाच वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नाही. मीही काही विचारलं नाही. घरी यायचा, आईशी गप्पा मारायचा, जेवायचा, माझ्याशी हवापाण्याचं बोलायचा आणि जायचा.

आणि मग एका फेब्रुवारीत जेवताना म्हणाला, “बाबा, मी स्वतःचं सुरू करतोय. आय नीड अ ट्रक. फुल साइझ. नवा घेऊ की यूज्ड? तुम्ही शीट बनवाल माझ्यासाठी?”

मला काय झालं सांगू? आनंद झाला. खरंच झाला. हेही तितकंच खरं आहे, म्हणून सांगून ठेवतो.

मी कामाला लागलो. पिकअपमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मागचा हौदा साडेसहा फुटी घ्यायचा की आठ फुटी? शिडीचा रॅक बसवायचा तर छतावर किती भार चालतो? ओळीने तीन शनिवार आम्ही बापलेक डीलरांचे लॉट पालथे घालत होतो. जुना ट्रक दिसला की अनिश टॉर्च घेऊन सरळ खाली घुसायचा. हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खालचा सांगाडा गंजतो, ते बघायला. मी त्याचं जॅकेट धरून उभा. खालून त्याचा आवाज यायचा — हे बदललंय, हे वेल्ड केलंय, हा नको बाबा. त्याला किती कळतं हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. माझ्या टीममध्ये असा एक जरी असता! अभिमान वाटला मला त्याचा. मग घोड्याने पेंड खाल्ली कुठे?

तिसऱ्या शनिवारी. एक नवा कोरा ट्रक होता, गडद निळा. अनिशला तो आवडला हे मला लांबूनच दिसलं. त्याने दारावरून तळवा फिरवला, मग खिशातून फोन काढून मला एक चित्र दाखवलं. त्याच्या मित्राने करून दिलं होतं. असंच निळं दार आणि त्यावर पांढऱ्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत — देवरुखकर इलेक्ट्रिक. खाली फोन नंबर.

मी ते चित्र बघत उभा राहिलो. आणि मला तो ट्रक दिसायला लागला. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये. देवळाबाहेर. आमच्या गल्लीत, डॉक्टरांच्या आणि डायरेक्टरांच्या गाड्यांच्या रांगेत. माझे वडील ठाण्यात हेडमास्तर होते. ते आडनाव त्यांच्या खोलीबाहेरच्या पाटीवर होतं. माझ्या ऑफिसच्या बॅजवर होतं. आणि आता —

मी हसलो. गंमत केल्यासारखं म्हणालो, “अरे, एवढं लांबलचक नाव दारावर मावणार आहे का? आणि इथल्या लोकांच्या जिभेला झेपणार आहे का ते?”

“दे विल लर्न, बाबा,” तो म्हणाला. शिकतील की. इतक्या सहज.

त्याच आठवड्यात मी ते केलं. निळ्या ट्रकच्या रकान्यात लिहिलं — या मॉडेलच्या गिअरबॉक्सबद्दल मालकांच्या खूप तक्रारी. लाल रंगात. तशी एकही तक्रार मी कुठे वाचलेली नव्हती. शोधल्या मात्र होत्या. दोन दिवस शोधत होतो, एखादी तरी मिळावी म्हणून. बघा म्हणजे — खोटं बोलायच्या आधीही मी टेस्टिंग केलंच.

मी सुचवला तो पाच वर्षं वापरलेला, मरून रंगाचा. वाईट नव्हता, एवढं म्हणतो. खालून गंज नव्हता. त्याच्या दारावर आधीच्या मालकाचं, कुठल्याशा हीटिंग आणि कूलिंगवाल्याचं नाव होतं. अक्षरं खरवडून काढली होती, पण बाकीचा रंग उन्हाने विटलेला आणि अक्षरांखालचा तसाच राहिलेला, त्यामुळे नाव अजून सरळ वाचता येत होतं. दार नव्याने रंगवल्याशिवाय त्यावर दुसरं काही लिहिता येणार नव्हतं. मी म्हणालो, आधी कामं मिळू देत, रंगाचं नंतर बघू. अनिशने निळ्याकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाला, ओके बाबा, शीट इज शीट.

मी स्वतःला काय सांगितलं? की पोराचं अजून काही नक्की नाही, वर्षभरात कंटाळला तर जुना ट्रक विकून मोकळा होईल, परत कॉलेजात जाईल. हे अगदीच खोटं नव्हतं. तशी आशा होती मला. पण खरं कारण ते नव्हे. मला लाज वाटत होती. त्याची नाही हो, मी स्वतःला म्हणायचो, नाव असं ट्रकवर मिरवण्याची. या दोन्हींत फरक आहे का काही? चार वर्षं शोधतोय.

जूनमध्ये त्या मरून ट्रकचा गिअरबॉक्स गेला. हो, गिअरबॉक्सच. भर उन्हात हायवेच्या कडेला तो दोन तास उभा होता. तिथून त्याने मला फोन केला — तक्रार करायला नव्हे. मला वाईट वाटेल म्हणून! “तुमचं शीट चुकलं नव्हतं, बाबा. जस्ट बॅड लक.” मी काय म्हणालो? पाणी पीत राहा म्हणालो.

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर? असो. आता खरं सांगायचं ते राहिलंच आहे. इतका वेळ मी ट्रकभोवतीच फिरतोय, तुमच्याही लक्षात आलं असेल.

त्याच वर्षीचा गणपती. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, दुपारच्या आरतीला पन्नासेक माणसं येतात. त्या वर्षी जयंत येणार होता. आम्ही दोघं एकाच महिन्यात, एकाच कंपनीतर्फे इथे आलो, पहिलं वर्ष एका अपार्टमेंटमध्ये काढलं. पुढे तो नॉर्थ कॅरोलायनात, कॅरीला गेला, तिथे बंगला बांधला, मुलगी सर्जन झाली. अनिश तीन वर्षांचा असताना जयंतच्या खांद्यावर बसून घरभर हिंडायचा. त्यानंतर त्याने अनिशला पाहिलेलंच नव्हतं. आणि अनिश मात्र जयंतकाका येणार म्हणून सकाळपासून येऊन बसला होता. मखराला लाइट त्याने लावले. मग म्हणाला, पोर्चलाही लावतो, छान दिसेल. कामाचे कपडे, टोपी, दाढी वाढलेली. ट्रक ड्राइव्हवेमध्ये, दारावर त्या हीटिंगवाल्याचं नाव.

जयंत ठरल्यापेक्षा तासभर लवकर आला. मी पुढे झालो. त्याने ट्रककडे पाहिलं, दारात शिडीवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं आणि हसत म्हणाला, “काय रे, गणपतीच्या दिवशी काम काढलंस?”

एक क्षण होता. फार मोठा नव्हे, पण होता. ‘अरे, ओळखलं नाहीस का, अनिश आहे!’ एवढंच म्हणायचं होतं. किती शब्द लागतात? आणि मी म्हणालो, “हो, जरा लाइटचं. इलेक्ट्रिशियन आलाय.”

तसं बघितलं तर खोटं नव्हतंच ते. हीच माझी हुशारी.

जयंत शिडीखालून जाताना थांबला. चांगला माणूस तो, कुणालाही दोन शब्द बोलतो. वर बघून इंग्रजीत म्हणाला, छान दिसतंय, होत आलं का?

“ऑलमोस्ट डन, सर,” अनिश म्हणाला.

सर. आमच्या घरात आलेल्या एकाही माणसाला त्याने जन्मात सर म्हटलेलं नाही. काका, काकू, मावशी — असंच शिकवलंय आम्ही. मराठी त्याला नीट कळतं, तेही आम्हीच शिकवलंय. त्याने मला सांभाळून घेतलं. मी त्याला ओळख दाखवली नाही, तर त्यानेही मला उघडं पाडलं नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. उरलेले दोन खिळे ठोकले, बटण दाबून लाइट लागतात का बघितलं, शिडी ट्रकवर चढवली आणि गेला.

वंदना स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा म्हणाली, अनिश कुठेय? मी म्हणालो, कस्टमरचा अर्जंट फोन आला. आरतीला पाच वर्षांचा असल्यापासून तोच झांजा वाजवतो. त्या दिवशी त्या टीपॉयवर तशाच पडून राहिल्या. जेवताना जयंतने विचारलं, अनिश काय करतो हल्ली? मी म्हणालो, इलेक्ट्रिकलमध्ये आहे, स्वतःची कंपनी आहे. वा, जयंत म्हणाला. वंदनाने अनिशसाठी मोदकांचा डबा भरून बाजूला ठेवला होता.

त्यावर आम्ही कधीही बोललेलो नाही. तो येतो. आईला फुलं आणतो, माझ्या बीपीच्या गोळ्यांची चौकशी करतो. पुढच्या गणपतीलाही आला, चांगले कपडे घालून, झांजा वाजवल्या. वागण्यात काडीचा फरक नाही. फक्त ट्रक ड्राइव्हवेमध्ये लावत नाही. वळणाच्या पलीकडे, रस्त्यावर लावतो आणि चालत येतो. बर्फातसुद्धा. वंदना म्हणते, अरे, एवढी जागा रिकामी आहे! तो म्हणतो, इट्स फाइन, आई. मी त्याला तिकडे लाव असं कधीच म्हटलेलं नाही. म्हणावं लागलंच नाही.

या वसंतात त्याने नवा ट्रक घेतला. निळाच. शीट मागितलं नाही, घेतल्यावर सांगितलं. दोन माणसं हाताखाली आहेत आता, काम पुष्कळ आहे. आम्ही दोघं बघायला म्हणून वळणापलीकडे चालत गेलो. दारावर पांढरी अक्षरं — अनिश इलेक्ट्रिक. एवढंच. वंदना म्हणाली, अरे, आडनाव का नाही टाकलंस? तो हसला.

“टू लाँग, आई. दारावर मावत नाही.”

वंदनाही हसली. आत चला, चहा टाकते, म्हणाली. ती दोघं पुढे गेली. मी म्हणालो, आलोच. घरची लहान टेप माझ्या खिशात असते, जुनी सवय. मी दार मोजलं. मग एका अक्षराची रुंदी मोजली, मधल्या जागा धरल्या. कडेला चार बोटं सोडूनही मावतं.

मी दोनदा मोजलं. टेप खिशात ठेवली आणि चहाला गेलो.