हसणारा अख्खा वर्ग

त्या मुलीची तक्रार मी अजून विसरलेलो नाही. कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळ्याकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. एक शेतकरी दहावीतल्या मुलीला घेऊन आत आला.

"सायेब, पोरगी चार दिस धड जेवली न्हाय. शाळंचं नाव काढलं की थरथरतीया. काय तरी करा की!"

सोशल मीडियावर कुणीतरी खोट्या नावाने खातं काढलं होतं. हिच्या फोटोला म्हशीचं तोंड लावायचं, खाली घाणेरडं लिहायचं आणि वर्गभर पाठवायचं. मी पहिला प्रश्न काय विचारला? "तू कुणाला फोटो दिले होतेस का?" तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. इतकी वर्षं नोकरी करून मी गाढवच! ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच दरडावण्यातला हा प्रकार.

आमच्या महिला हवालदार बाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं, चहा पाजला आणि शांतपणे जबाब घेतला. सायबर शाखेला पत्र गेलं, पण उत्तराला वेळ लागणार होता. बाई तोवर पोस्टच्या वेळा कागदावर उतरवत बसल्या. सकाळी साडेसहा, संध्याकाळी सात. रविवारीसुद्धा.

"साहेब, ही डेअरीला दूध घालायची वेळ हाय. मीबी पोरपणी कॅन घेऊन जात हुते की. घरात मोबाईल एकच, बापाचा. दूध किती लिटर भरलं, फॅट किती लागलं, त्याचा डेअरीचा मेसेज बघायला तेवढ्यापुरता पोरांच्या हातात येत असणार."

चौकशी केली. मोबाईल घेऊन दूध घालायला येणारी त्या वर्गातली एकच मुलगी निघाली, हिच्याच बाकावरची मैत्रीण. पुढे सायबर शाखेने कळवलेला नंबरही तिच्या वडिलांचाच होता.

अल्पवयीन असल्याने आम्ही साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. आईला शेजारी बसवलं. मी आवाज चढवला नाही. ओढणीशी चाळा करता करता ती एकदम रडायला लागली.

"ती अकरावीला कोल्हापुरात जाणार. माझी शाळा दहावीला बंद, घरात ठरलंय. एकदा तरी तिला लोकं हसूदेत, असं वाटलं. एवढं हुईल वाटलं न्हवतं हो."

खरं सांगतो, मला तिचीही कीव आली. अहवाल बाल न्याय मंडळाकडे गेला, समुपदेशन सुरू झालं, खातं बंद झालं. मी मोठ्या ऐटीत पहिल्या मुलीच्या घरी गेलो. "बाळ, कोण होतं ते सापडलं. आता शाळेत जायचं."

तिने पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं. "साहेब, टाकणारी एकटी हुती. हसणारा समदा वर्ग हुता. त्यास्नी कुठलं कलम लावणार?"

तिची परवानगी घेऊन दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि तिचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. संध्याकाळी त्यातली दहा-बारा पोरं-पोरी चालत तिच्या दारात गेली. काय बोलली, मी विचारलं नाही. सोमवारी ती शाळेत होती.

गुन्हेगार सापडला की तपास संपला, असं मी तोवर मानत आलो होतो. आता निवृत्तीनंतरही पोराच्या वर्गात कुणाची अशी टिंगल झाली की ओळखीचे पालक सल्ल्याला येतात. कुणी केलं, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमचं पोरगं हसलं होतं का?