शामकलाच्या डब्यातल्या सीड्या

२००६ सालच्या एका गुरुवारी सकाळी अकरा वाजता मी एका बटणानं चार गिऱ्हाइकांची चार दिवसांची कामं पुसून टाकली.

गोंदियाच्या बाजारात आमचं संगणकाचं दुकान. वरच्या खोलीत एकच सर्व्हर, त्यात पाच गिऱ्हाइकांचे डेटाबेस. विवाहमंडळवाल्या मुन्नालालनं चुकून आपल्या वधूंची यादी उडवली. ती परत आणायला मी रविवारचा बॅकअप चढवला. तोही एकट्या मुन्नालालचा नव्हे, अख्ख्या सर्व्हरचा. वधू परतल्या, बाकीच्यांचं सोमवारपासूनचं सगळं गेलं.

त्यात भोजराजची लॅब होती. सालेकशाकडच्या शाळांतली चारशे बारा पोरं तपासून त्यानं सिकलसेलचे रिपोर्ट त्याच आठवड्यात भरले होते. पडद्यावर कोरं दिसताच तो दोन माणसं घेऊन जिना चढला. आधी विचारपूस करायची रीत त्याच्या घराण्यात नसावी. पहिली थप्पड माझा चष्मा घेऊन गेली, दुसरी मला, थेट दारापर्यंत.

"चारशे लेकरांले पुन्हा सुया टोचू का बे?" म्हणत त्यानं स्टूल मॉनिटरवर घातलं.

कोपऱ्यात आमची ऑपरेटर शामकला बसली होती. तिचा बाप सालेकशाच्या जंगलात तेंदूपानाच्या फडावर, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या जागी, मुन्शी. दोन घरांचे पानांचे पुडे एकत्र झाले म्हणून फडावर तीन डोकी फुटलेली तिनं लहानपणी पाहिली होती. त्यामुळे माझ्या एकगठ्ठा बॅकअपवर तिचा विश्वास नव्हता. रोज सकाळी आल्याबरोबर ती एकेका गिऱ्हाइकाचा डेटाबेस वेगळ्या सीडीवर घ्यायची, वर नाव लिहायची आणि फळीवरच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायची. मी हसायचो, "अगं, एका दमात होते, तू पाच खेपा काऊन करून राहिली?"

"ज्याचा पुडा त्याच्याच ढिगात, सर."

आता भोजराजच्या एका गड्यानं फळीवर काठी फिरवली. डबा खाली, सीड्या फरशीवर, आणि गड्याचा बूट वर. शामकलानं त्या सीड्यांवर अंग टाकलं. काठी तिच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला दारापाशी आला. तिनं पडल्यापडल्या गड्याच्या पोटरीला असा दात लावला की तो भिंतीवर चढायच्या बेतात आला. भोजराज धावला, तर तिनं शटरचं कुलूप उचलून त्याच्या कपाळावर हाणलं. दिवसभर लोकांचं रक्त काढणारा हा माणूस स्वतःचं पाहून मटकन खाली बसला.

"आता आयक, दादा," ती धापा टाकत म्हणाली. "तुही सीडी हे आहे."

मी खालून दुसरा मॉनिटर आणला. एक हात लोंबकळत असताना तिनं दुसऱ्या हातानं फक्त लॅबचा डेटाबेस परत चढवला. भोजराजनं कपाळ दाबून आकडा वाचला. चारशे बारा. मग तोच रडत रिक्षा आणायला पळाला.

हाडांच्या डॉक्टरकडे जाताना मी तिचा लोंबकळता हात सावरून धरला. म्हटलं, "शामकला, माझ्यासाठी तू एवढा मार खाल्लास गं!"

"तुमाले मारत होते तवा मी बसलीच होती ना, सर."